मंदे, तुझा रविवारचा वर्ग

मंदे,

तुझ्या दहाव्याला प्रवरेच्या घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. पिंडाला कावळा लगेच शिवला आणि माईक सुरू झाला. आपल्या जिल्ह्यात दहाव्याला श्रद्धांजलीची किती भाषणं होतात ते मी तुला काय सांगू. एकजण म्हणाले, मंदाताई काळाच्या पडद्याआड गेल्या. दुसऱ्यांनी तुला अनंतात विलीन केलं. तिसरे तर तुला जन्मात भेटले नव्हते, पण त्यांच्याही आयुष्यात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली होती. तू शेजारी असतीस तर मला कोपरानं ढोसून विचारलं असतंस, "अलके, हा पडदा कुठला गं? नाटकाचा का खिडकीचा?" आणि मी म्हटलं असतं, "गप बस, लोक बघतायत."

ते मनात आलं आणि मला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबून मी ते दाबत होते, तेवढ्यात तुझ्या आईनं पाहिलं. मला वाटलं, आता म्हातारीला काय वाटेल. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला नि म्हणाली, "हास गं पोरी. तिला रडकी मान्सं आवडत न्हवती."

तुझं शिक्षण, तुझी नोकरी, तुझा स्वभाव, सगळं त्या भाषणांमध्ये येऊन गेलं. ते मी पुन्हा सांगणार नाही. मला आपल्या भांडणाबद्दल बोलायचं आहे. ते अजून मिटलेलं नाही, आणि तू मध्येच उठून गेलीस.

नगरला बी.एड.च्या होस्टेलवर आपली पहिली ओळखच भांडणानं झाली. तू भंडारदऱ्याकडची, भाताच्या खाचरात वाढलेली. मी पाथर्डीची. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे, मी मावशीकडं राहून शिकले. तू इंग्रजीची, मी मराठीची. कॉटवर बसून तू मोठ्यानं पाठ करत होतीस की इंग्रजीत जोराचा पाऊस आला म्हणजे मांजरं नि कुत्री पडतात. मी म्हटलं, "काय वेड्यांची भाषा आहे!" तू पुस्तक मिटलंस. "आणि तुमच्या मुसळधार पावसात काय पडतं? मुसळंच ना? मांजर डोक्यात पडलेलं परवडलं बाई."

मी पाथर्डीचं सांगितलं. आमच्याकडं पाऊस पडतो तोच थेंब मोजून, त्याला मुसळ कुठलं नि कुत्रं कुठलं. तू म्हणालीस, "आमच्याकडं पाऊस पडत नाही. तो राहायला येतो." त्या दिवसापासून मी तुझ्याशी बोलायला लागले ती आजपर्यंत बोलतेच आहे.

पुढं आपल्याला सुप्याजवळ एकाच शाळेत नोकरी मिळाली हे आपलं भाग्य. का शाळेचं दुर्दैव? मुख्याध्यापक म्हणायचे, या दोघी एका गाडीवर भांडत येतात नि एका गाडीवर भांडत जातात. तुझी खोड एकच. कुठलाही वाक्प्रचार दिसला की त्याचं गाव विचारायचं. नोकरीवरून काढलं तर इंग्रजीत 'गेट द सॅक' का म्हणतात? तू सांगितलंस, पूर्वी तिकडं कारागीर आपली हत्यारं पोत्यात घालून कामावर यायचे. मालकानं पोतं हातात दिलं की समजायचं, उद्यापासून येऊ नको. सगळी स्टाफरूम कौतुकानं ऐकत होती आणि तू एकदम माझ्याकडं वळलीस. "आणि आपण नारळ का देतो गं?"

मी दहा-बारा वर्षं मुलांना 'नारळ देणे' शिकवत होते. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. कधी माझ्या मनात आलं नव्हतं की निरोप देताना मानानं हातावर ठेवायचा नारळ माणसाला हाकलण्यापर्यंत कसा आला. त्या दुपारी मी पहिल्यांदा स्वतःच्या भाषेकडं बाहेरून आलेल्या पाहुण्यासारखं पाहिलं. मंदे, ही माझ्यावरची तुझी सगळ्यात मोठी मेहरबानी. तुझ्या तोंडावर हे मी कधी बोलले नाही. बोलले असते तर तू डोक्यावर बसली असतीस.

मग रेश्माचं ते प्रकरण झालं.

रेश्मा आपली विद्यार्थिनी, माझ्याच तालुक्यातली, इकडं वसतिगृहात राहून शिकलेली. बारावी झाली आणि सुप्याच्या एमआयडीसीत गाड्यांचं वायरिंग जुळवणाऱ्या एका कारखान्यात लागली. तिच्या घरात उसाच्या फडावर न जाता कमावणारी ती पहिली. एके दिवशी तिची खोलीवरची मैत्रीण शाळेत धापा टाकत आली. म्हणाली, "मॅडम, रेश्मा काम सोडून गावाला गेली. फोन बी उचलंना." तू लगेच म्हणालीस, "चल, जाऊ." मी म्हटलं, "अगं, तिच्या घरचा मामला असेल." तू तोवर पर्स खांद्याला लावली होतीस.

आपण एसटीनं पाथर्डीला नि तिथून जीपनं तिच्या गावाला गेलो. पोरगी ओट्यावर बसली होती, चेहरा पार उतरलेला. ऊसतोडीची टोळी दसऱ्यानंतर निघणार होती. तिचा बाप तिच्यासाठी घाईनं स्थळ बघत होता. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या पोरीला मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देत नाही. म्हणजे आणखी महिन्याभरात ती लग्न करून फडात उभी राहिली असती.

"काय झालं गं? कुणी काही बोललं का?" तू विचारलंस.

"न्हाई मॅडम. सायबांनी केबिनमंदी बोलावलं. कोर्टाचं नाव घेतलं."

"नेमकं काय म्हणाले? जसं ऐकलंस तसंच सांग."

"लई भराभर बोलले. शेवटाला म्हनले, बेल हाय, युवर कोर्ट हाय. त्या हप्त्यात माल माघारी आल्ता. मला वाटलं माझ्यावर केस घातली. बेल मंजी जामीन घ्यावा लागंल, गावात म्हनत्यात."

मला क्षणभर समजलं नाही. तुला समजलं. मी तुझा चेहरा पाहिला. तू हसली नाहीस. उठून अंगणात गेलीस, तिथली एक काठी उचललीस आणि धुळीत मोठा चौकोन काढलास, मधोमध रेघ ओढलीस. रेश्माला एका बाजूला उभं केलंस, तिच्या बापाला दुसऱ्या बाजूला. "हे टेनिसचं मैदान. याला इंग्रजीत कोर्ट म्हणतात. कचेरीचं कोर्ट वेगळं. ही मधली रेघ म्हणजे जाळी. साहेबांनी चेंडू तुझ्या बाजूला मारला. आता मारायचं कुणी?"

"मी."

"मग साहेब काय म्हणाले? बेल नव्हे गं, बॉल. बॉल इज इन युवर कोर्ट. आता तुझं तू ठरव, असं म्हणाले. त्याच्याआधी काय बोलले ते आठव."

रेश्मानं आठवून आठवून सांगितलं. ट्रेनिंग म्हणाले, पुणे म्हणाले, लाइन लीडर म्हणाले. तू काठी टाकून दिलीस. "अगं बये, तुला बढती देत होते ते."

तिचा बाप अजून त्या चौकोनात उभा होता. म्हणाला, "मंजी केस न्हाई?"

"केस नाही."

तो खाली बसला. मातीवर हात आपटून रागानं म्हणाला, "मंग सरळ बोलायला काय हुतं त्यांना? माझ्या पोरीचा जीव जात हुता हितं."

परतीच्या एसटीत आपण त्या एका वाक्यावरून नगर येईपर्यंत भांडलो. तू म्हणालीस, उद्यापासून मी या पोरींना असले वाक्प्रचार शिकवणार, म्हणजे पुन्हा कुणी घाबरून पळणार नाही. मी म्हटलं, तिचा बाप बरोबर बोलला. त्यांना 'मला समजलं नाही, साधं सांगा' एवढं म्हणायला शिकव. साहेबाच्या भाषेचे नखरे त्यांनी का शिकायचे? तू म्हणालीस, "साधं सांगा म्हणायला आधी छाती लागते अलके, आणि ती येते समजायला लागल्यावर." मी म्हटलं, उलटं आहे. कंडक्टर म्हणाला, मॅडम, तिकीट.

दुसऱ्या दिवशी तू कारखान्याच्या गेटवर जाऊन त्या सुपरवायझरला भेटलीस. तमिळनाडूचा माणूस, मुरुगन नावाचा. तो बिचारा खजील झाला. त्याला कॉलेजात असं बोललं की मार्क मिळायचे, म्हणून सवय लागलेली. रेश्माची जागा त्यानं धरून ठेवली होती. ती ट्रेनिंगला गेली, टोळी तिच्याशिवाय निघाली, आणि स्थळ बघणं तूर्त तरी थांबलं.

गिरणीवाल्या नानाभाऊंनी तुझ्या वर्गाला मागची पत्र्याची खोली दिली. रविवारी गिरणी बंद असे. चार वाजता सतरंजी टाकायची आणि कामावरच्या बाया-पोरी यायच्या, कुणी पहिली शिफ्ट करून तशाच. त्यातल्या सुमनताईंना सुपरवायझर कधीतरी म्हणाला होता की ही पोरगी तुम्हाला 'रोप्स' दाखवील, आणि त्या अर्धा दिवस स्टोअरमध्ये दोरखंड शोधत होत्या. तू त्यांना जुन्या जहाजांची गोष्ट सांगितलीस. नव्या खलाशाला कुठला दोर कुठल्या शिडाचा ते आधी दाखवायचे, म्हणून काम शिकवणं म्हणजे दोर दाखवणं. तिथं समुद्र कुणी पाहिला होता? तू आपली ओढणी खिडकीच्या गजाला बांधलीस, दुसरं टोक सुमनताईंच्या हातात दिलंस आणि वारं सुटल्यावर काय करायचं ते त्यांना विचारलंस. शेतकऱ्याची बाई ती, वाऱ्यावर उफणणी केलेली. अचूक सांगितलं तिनं.

मी मागं बसून ऐकायचे. आणि घरी जाताना गाडीवर भांडायचे.

"मंदे, आज वर्गात सांगितलीस ती मांजरा-कुत्र्यांची गोष्ट खोटी आहे. गवताच्या छपरावर झोपायची आणि पावसात घसरून पडायची म्हणे! कुत्री काय छपरावर झोपतात? तूच मला म्हणालीस की ते कुठून आलं हे खात्रीनं कुणालाच माहीत नाही."

"नाहीच माहीत."

"मग तसं सांग."

"माहीत नाही असं सांगितलं तर त्यांच्या काय लक्षात राहणार?"

"तू शिक्षिका आहेस, कीर्तनकार नाहीस."

"कीर्तनातलं तुला अजून आठवतं. बी.एड.च्या लेक्चरातलं एक वाक्य सांग बरं."

मी गाडी जोरात हाणायचे, पण मानायचे नाही. या बायांना आयुष्यात कमी लोकांनी थापा मारल्यात का? मुकादमानं मारल्या, पुढाऱ्यांनी मारल्या. त्यात आपणही भर घालायची? मला अजूनही असंच वाटतं, मंदे. तू गेलीस म्हणून मी मत बदललेलं नाही.

तुझ्या पोटाचं दुखणं निघालं तेव्हा फार उशीर झाला होता. नगरच्या दवाखान्यात तू आडवी झालीस तरी तोंड चालूच. एके दिवशी सकाळी मी पेज घेऊन आले. तू डोळे मिटून पडली होतीस. मला वाटलं झोपलीस. तू म्हणालीस, "अलके, 'किक द बकेट' राहिलं शिकवायचं."

"मरणाचं बोलू नको."

"इंग्रजीत बोलतेय, मराठीत नाही." आणि तू दोन्ही गोष्टी सांगितल्यास. एकीत माणूस बादलीवर उभा राहून गळफास लावून घेतो आणि बादलीला लाथ मारतो. दुसरीत डुक्कर कापायला ज्या आडव्या लाकडाला टांगायचे त्याला काही गावांमध्ये बकेट म्हणायचे, आणि डुकराचे पाय त्याच्यावर आपटायचे.

सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "यातली खरी कुठली?"

"मी जाऊन बघते आणि कळवते तुला."

आपण दोघी इतक्या हसलो की नर्स पडदा सारून बघायला आली. हसता हसता तुझ्या पोटात कळ आली. तू माझा हात धरलास, चांगला दुखेपर्यंत. कळ ओसरल्यावर म्हणालीस, "वर्ग बंद पडू द्यायचा नाही."

"बरी हो आणि तूच घे."

"मी तुला विचारत नाहीये, सांगतेय."

"माझं इंग्रजी कसलं गं? माझे उच्चार ऐकून त्या बाया हसतील."

"हसू दे. हसणाऱ्या बाया शिकतात." तेवढ्यात डॉक्टर आले आणि मला बाहेर जायला सांगितलं. नंतर तू शुद्धीवर अशी फारशी नव्हतीसच.

दहाव्याहून परत आले त्याच आठवड्यात नानाभाऊ भेटले. म्हणाले, "मॅडमचं लई वाईट झालं. आता मागची खोली मोकळीच हाय ना? गव्हाची पोती टाकतो म्हनलं." चांगला माणूस, वाईट हेतू काही नव्हता. मी तोंड उघडलं तेव्हा काय बोलणार ते मलाही माहीत नव्हतं.

"पोती दुसरीकडं टाका, नानाभाऊ. रविवारी वर्ग आहे."

"घेनार कोन?"

"मी."

नानाभाऊंनी टोपी सरळ केली. मग म्हणाले, "मंग सतरंजी झटकून ठेवतो."

रविवारी तीन वाजल्यापासून मी इंग्रजी उच्चार घोकत होते. इतकी वर्षं फळ्यापुढं उभी राहिले, पण तो आपल्या भाषेचा फळा. बाया आल्या. तुझ्या नेहमीच्या जागेपुढं थोडी मोकळी सतरंजी सोडून बसल्या. रेश्मा आता लाइन लीडर आहे, तिनं तिच्या लाइनवरच्या नव्या पोरी आणल्या होत्या. मी खडू घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बाइट द बुलेट'. सांगितलं, भूल द्यायचं औषध नव्हतं तेव्हा लढाईतल्या जखमी शिपायाच्या दातांत बंदुकीची गोळी द्यायचे आणि मग चिरफाड करायचे. ओरडायचं नाही, गोळी चावायची. म्हणून अवघड काम मन घट्ट करून करणं म्हणजे गोळी चावणं. आणि लगेच म्हटलं, "असं सांगतात. पुरावा माझ्याकडं नाही."

सुमनताई म्हणाल्या, "मंजी दात-ओठ खाऊन करायचं. आपल्याकडं गोळी कुठली, आपन आपलेच ओठ खातो."

वर्ग हसला. मी तेही फळ्यावर लिहिलं.

तेवढ्यात दारात मुरुगन साहेब उभे. तू गेल्याचं त्यांना रेश्माकडून कळलं होतं. बाया चपापून उठायला लागल्या. रेश्मा मात्र बसूनच म्हणाली, "सर, हितं तुमी इद्यार्थी. खाली बसा." आणि तो माणूस बूट काढून खरंच मागच्या ओळीत मांडी घालून बसला. हिंदीत म्हणाला की त्याला एक मराठी गोष्ट विचारायची आहे. एक बाई लाइनवर त्याला म्हणाली, साहेब, टार्गेट करता करता नाकी नऊ आले. त्यानं तिला कंपनीच्या डॉक्टरकडं नाक तपासायला पाठवलं होतं.

मंदे, पत्रे उडतील असं हसल्या गं सगळ्या. ती बाई तिथंच होती. म्हणाली, "आन डाक्टरनी थेंब बी दिले नाकात!"

मुरुगन म्हणाले, "पण नऊ काय?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं, आपल्याकडं शरीराला नऊ दारं मानतात. दोन डोळे, दोन कान, दोन नाकपुड्या, एक तोंड आणि खालची दोन. माणूस इतका थकला की नऊही दारांचा जीव गोळा होऊन नाकाशी आला, आता फक्त श्वास तेवढा उरला. सांगताना मीच दोन्ही हातांनी जीव गोळा करून नाकापर्यंत आणून दाखवला. तुझ्यासारखे हातवारे! मग भानावर आले आणि म्हटलं, "असं म्हणतात हं. खात्री कुणालाच नाही."

"नसूं द्या," रेश्मा म्हणाली. "ध्यानात राहिलं."

बरं, हा एक डाव तुझा. पण पुढचं ऐक. मी फळ्यावर दुसरं वाक्य लिहिलं, 'प्लीज से इट इन सिंपल वर्ड्स'. साहेब, साध्या शब्दांत सांगा. प्रत्येकीला उभं करून मुरुगनकडं बघून म्हणायला लावलं. पहिल्या दोघी-तिघींचा आवाज फुटेना. एक नवी पोरगी तर पायाच्या अंगठ्याकडं बघून पुटपुटली. मी म्हटलं, "मान वर. त्यांच्या डोळ्यांत बघून." तिनं पुन्हा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं, आणि तिसऱ्यांदा तो माणूस मान लववून म्हणाला, "यस. आय विल." ती पोरगी खाली बसली तेव्हा वेगळीच दिसत होती. हे माझं आहे मंदे, हे मी सोडणार नाही. तुझं अर्धं, माझं अर्धं, असा वर्ग यापुढं चालेल. पटत नसेल तर ये भांडायला.

सहा वाजता कुलूप लावलं. पुणे रोडला गाडी घेतली आणि मागची सीट रिकामी आहे हे पाठीला कळलं. त्या वेळी मात्र रडले. हेल्मेटची काच खाली करून रडले, ट्रकवाल्यांना दिसू नये म्हणून.

तेवढ्यात फोन वाजला. तुझी आई. मी गाडी कडेला घेतली. म्हातारीला काही झालं की काय असं मनात आलं.

"आई, बऱ्या आहात ना?"

"बरी हाय. वर्ग झाला का गं?"

तिला कसं माहीत, मला समजेना. "झाला. सगळ्या आल्या होत्या."

"मंग आज कोन्ती झाली?"

"काय कोणती?"

"इंग्रजी म्हन गं. मंदी दर रईवारी वर्ग सुटला की फोन करायची नि त्या दिसाची म्हन सांगायची. कुठून आली, कशी आली, समदं. मी चार शेजारनींना सांगायची. दवाखान्यात गेल्यापासून बंद पडलं. मंदी म्हनली हुती, अलकी घेईल वर्ग. आज म्हनलं, तुला इचारावं. येळ हाय का तुला?"

हे तू मला कधी सांगितलं नाहीस, मंदे.

"आहे, आई," मी म्हटलं. "वेळच वेळ आहे."

मी गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं, मैलाच्या दगडावर बसले, आणि तिला सांगायला सुरुवात केली. पूर्वी तिकडं लढाया व्हायच्या, तेव्हा भूल द्यायचं औषध नव्हतं, असं म्हणतात.